कीटकनाशकांची सुरक्षित ने-आण : आधी माणसे शिकवा

खानदेशात कपाशी हे प्रमुख नगदी पीक आहे. एरंडोल परिसरात लागवड उरकली की पावसाळाभर कीटकनाशके व तणनाशके यांची ने-आण सुरू राहते. फवारणी करताना तोंडाला फडके बांधावे, वाऱ्याच्या दिशेने फवारावे, हे बहुतेक शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. परंतु औषध दुकानातून निघून शेतातील पंपात पडेपर्यंत ते हमाल, टेम्पोचालक, सालदार आणि घरातील माणसे अशा अनेकांच्या हातांतून जाते. यांपैकी किती जणांना त्याची माहिती दिलेली असते, याचा विचार क्वचितच केला जातो.

समजा, तालुक्याच्या बाजारातून एका टेम्पोत चार गोणी ढेप, किराणा सामान आणि औषधाचे खोके एकत्र भरले. वाटेत धक्क्याने एका बाटलीचे झाकण सैल झाले व औषध ढेपेत मुरले. चालकाला वास आला, पण काय करावे हे कोणी सांगितलेले नव्हते. संध्याकाळी तीच ढेप बैलांपुढे जाईल आणि पीठ चुलीकडे. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, उणीव असते ती शिकवणीची.

इतिहासातील धडा

ही केवळ कल्पना नव्हे. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन हे अतिविषारी कीटकनाशक व खाद्यपदार्थ जहाजातून एकत्र नेल्याने विष अन्नात मिसळले आणि १०० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर झालेल्या चौकशीतून पुढे कीटकनाशक कायदा, १९६८ अस्तित्वात आला. आपल्या राज्यात २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावे लागले.

नियम काय सांगतात ?

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार खाद्यपदार्थ किंवा पशुखाद्य यांच्याशी थेट संबंध येईल अशा रीतीने कीटकनाशकांची वाहतूक वा साठवण करता येत नाही. वाटेत गळती झाल्यास विषबाधा व माती-पाण्याचे प्रदूषण टाळण्याचे उपाय तातडीने योजणे ही वाहतूक करणाऱ्याची जबाबदारी असते. उत्पादक, वितरक व फवारणीचे काम करवून घेणारे यांनी कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे, असेही या नियमांत म्हटले आहे. ट्रकमधून धोकादायक माल नेणाऱ्या चालकांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ३ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. गावातील छोट्या टेम्पोचा चालक मात्र बहुधा अशा प्रशिक्षणापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दुकानदार व शेतकरी यांनीच त्याला शिकवले पाहिजे.

प्रशिक्षण कसे द्यावे ?

हंगामापूर्वी एक दिवस ठरवून तासाभराचा वर्ग घ्यावा. सालदार, फवारणी करणारे मजूर, चालक आणि घरातील स्त्रियांनाही बोलवावे, कारण फवारणीचे कपडे बहुधा त्याच धुतात. पुढील गोष्टी नुसत्या सांगू नयेत, प्रत्येकाकडून करवून घ्याव्यात.

१) रंगाची ओळख : बाटलीवरील खुणेत लाल रंग असल्यास औषध अत्यंत विषारी, पिवळा असल्यास जास्त विषारी, निळा असल्यास मध्यम विषारी व हिरवा असल्यास कमी विषारी समजावे. ज्यास वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असा समज मात्र होऊ देऊ नये.

२) माल भरणे : खोके हाताळण्यापूर्वी गळती आहे का ते पाहावे. बाटल्या उभ्या ठेवाव्यात व हलणार नाहीत अशा बसवाव्यात. धान्य, पीठ, ढेप, चारा व कपडे त्याच वाहनात भरू नयेत. खोक्यांवर माणसे बसवू नयेत. एस.टी. किंवा प्रवासी जीपमधून औषध नेऊ नये. मोटारसायकलवर किराण्याच्या पिशवीत बाटली टाकणे कटाक्षाने टाळावे.

३) विशेष काळजी : ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांना ओल लागताच फॉस्फीन हा विषारी वायू बाहेर पडतो. त्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो. २,४-डी या तणनाशकास कपाशी फार संवेदनशील आहे. त्याची वाहतूक व साठवण वेगळी ठेवावी आणि त्याचा पंप कपाशीसाठी वापरू नये.

४) गळती झाल्यास : वाहन वस्तीपासून व पाण्यापासून दूर थांबवावे. लोकांना व जनावरांना लांब ठेवावे. विडी-सिगारेट पेटवू नये, कारण अनेक द्रव औषधांतील द्रावक ज्वालाग्राही असते. हातमोजे घालून सांडलेल्या औषधावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी, ती शोषल्यावर गोळा करून वस्ती व विहिरीपासून दूर खोल पुरावी. पाणी ओतून औषध गटारात अथवा नाल्यात सोडू नये. औषध लागलेले पीठ वा ढेप वरवर चांगली दिसली तरी वापरू नये.

५) नीळेचा प्रयोग : रिकाम्या नव्या डब्यात नीळ घातलेले पाणी भरावे व मजुराला ते मापून पंपात ओतावयास सांगावे. नंतर हात, बाही आणि पाय यांवर पडलेले निळे डाग दाखवावेत. औषध नेमके कोठे लागते हे त्याला लगेच उमगते आणि हातमोजे का घालावेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

विषबाधा झाल्यास

डोकेदुखी, मळमळ, घाम सुटणे, तोंडास लाळ येणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे ही ऑरगॅनोफॉस्फरस गटातील औषधांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. रोग्यास मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत व अंग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यांत औषध गेले असल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. बेशुद्ध माणसास काहीही पाजू नये. उलटी करवण्याचा किंवा दूध-तूप देण्याचा घरगुती उपाय करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. या गटावर ॲट्रोपिनसारखे उतारे आहेत, परंतु पॅराक्वाट या तणनाशकावर खास उतारा नाही. म्हणून डॉक्टरांना औषधाचे नाव अचूक कळणे फार महत्त्वाचे आहे.

घरी पोहोचल्यावर

औषधे मूळ बाटलीतच, कुलूपबंद कपाटात ठेवावीत. थंड पेयाच्या बाटलीत ती कधीही काढू नयेत. रिकाम्या बाटल्या तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे. नंतर बाटल्या फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात, म्हणजे तेल किंवा पाणी भरण्यास कोणी त्या वापरणार नाही.

शेवटी एक सूचना. वर्ग संपल्यावर सालदारालाच विचारावे, "बाटली फुटली तर तू काय करशील ?" त्याने न अडखळता उत्तर दिले, तरच प्रशिक्षण झाले असे समजावे. नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवावे. या कामी गेलेला एक तास हंगामातील कोणत्याही फवारणीइतकाच मोलाचा आहे.