माया

(बी.ए. द्वितीय वर्ष)

महाविद्यालयात आले त्या पहिल्याच आठवड्यात एका मैत्रिणीने माझ्या कुर्त्याच्या घेराकडे बोट दाखवून विचारले, "ही गडद पट्टी मुद्दाम लावलीस का गं?" मी "हो" म्हणाले. ते खोटे होते. कुर्ता चुलतबहिणीचा. आईने खालची दुमड उसवून तो माझ्या उंचीला आणला होता. दुमडीतल्या कापडाला ऊन लागले नव्हते, म्हणून तेवढाच रंग टिकला होता. त्या खोट्याची भरपाई म्हणून हा लेख.

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिवणकामात 'माया' म्हणतात. पोर वाढते, कापड वाढत नाही. म्हणून बाजूच्या शिवणीत बोटभर आणि घेराला चार बोटे माया ठेवायची. कपडा घट्ट झाला, आखूड झाला, की टीप उसवून ती मोकळी करायची.

दुसऱ्याचा कपडा आपल्या अंगाजोगा करताना कात्री सर्वांत शेवटी हाती घ्यावी. आधी आपला नेमका बसणारा कपडा त्यावर पसरून साबणाच्या चिपेने खुणा कराव्यात. जुनी टीप ब्लेडने एकेक टाका उचलून उसवावी. ओढली तर विरलेले कापड फाटते. मग कच्चा धावदोरा घालून कपडा अंगावर घालून पाहावा. बसला तरच पक्की शिवण. घरात मशीन नसेल तर प्रत्येक टाक्याला सुई पुढे काढून मागच्या टाक्याच्या टोकाशी परत टोचावी. ही शिवण धावदोऱ्यापेक्षा जास्त ताण सोसते. उसवलेल्या दुमडीची रेघ दिसतच असेल, तर तिच्यावर जुन्या साडीचा काठ लावता येतो.

आजीची विद्या याहून जुनी. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी ते आधी विरते. टोके धड राहतात. विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा, धड तुकडे काठाला काठ जुळवून जोडायचे आणि कापलेल्या कडा आत दुमडायच्या, म्हणजे धागे निसटत नाहीत. लांबी कमी पडली तर दुसऱ्या लुगड्याचा धड तुकडा जोडायचा. या जोडाला 'दंड' म्हणतात. दंड घालूनही भागेना, की त्या जुनेराचे दुपटे होते, बाळाची कुंची होते आणि शेवटी गोधडी. गोधडीत कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने सांधतात. एकट्याने न टिकणारे कापड तिथे पुन्हा वर्षानुवर्षे टिकते. बंगालमधली कांथाही अशीच, जुन्या साड्यांची आणि धावदोऱ्याची.

आपल्या जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते. घराणे शिंप्याचे. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांत गज, कात्री, सुई, दोरा ही घरचीच हत्यारे येतात. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या संताने आपला धंदा देवापुढेही लपवला नाही. मी मात्र मैत्रिणीपुढे चार बोटांची पट्टी लपवली.

या दिवाळीला आईने मला नवा कुर्ता शिवला. त्यालाही चार बोटे माया ठेवली. मी म्हटले, "आई, मी आता काय उंच होणार?"

ती दोरा तोडत म्हणाली, "तू नाही. धाकटी होईल की."