थांबावं कुठं, धावावं कुठं

पन्नाशी ओलांडली आणि डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा कागद पुढं ठेवून सांगितलं, ‘‘कविता पुष्कळ झाल्या, आता पायांना काम द्या.’’ तेव्हापासून फजरची नमाज झाली की मी गोंदियाच्या बाहेर, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला लागतो. थोडं चालणं, थोडं धावणं. या रस्त्यावर मी एकटा नसतो. गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी, कुठंही जा. पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. घरी दोन एकर धान आणि खाणारी सहा तोंडं असली, की त्या १६०० मीटरच्या पलीकडे पगार दिसतो. आणि या सगळ्यांच्या वाटेवर, कुठं राइस मिलच्या फाटकाशी, कुठं ढाब्यामागं, कुत्र्यांची टोळी बसलेली असते.

पहिल्याच आठवड्यात अशी एक टोळी माझ्या मागं लागली. मी जिवाच्या आकांतानं पळालो. मागून एक पोरगा ओरडला, ‘‘चाचा, धावू नका! उभे राहा तिथंच!’’ दम संपला म्हणून म्हणा, मी थांबलो. आणि नवल म्हणजे कुत्रीही थांबली. पाच-सहा पावलांवरून भुंकली आणि मिलकडे परत गेली.

त्या पोरानं जे सांगितलं त्यामागं साधं कारण आहे. कुत्रा हा मूळचा पाठलाग करून शिकार करणारा प्राणी. आपल्याइतके बारकावे त्याच्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हालचाल मात्र चटकन दिसते, तीही पहाटेच्या अंधुक उजेडात. जे पळतं त्याच्यामागं धावायचं, ही त्याची उपजत ओढ. शिवाय जिथं खायला मिळतं ती जागा तो आपली समजतो. पळणारा माणूस त्याच्या दृष्टीनं एकाच वेळी शिकारही असतो आणि घुसखोरही. आपण थांबलो, की पाठलागातली गंमत संपते. सावकाश मागं सरलो, की हद्दीचं भांडणही संपतं. एक लक्षात ठेवा, मोठ्यानं भुंकणारा कुत्रा बहुतेक वेळा इशारा देत असतो. मान खाली घालून, अंग ताठ करून, आवाज न करता येणारा अधिक धोक्याचा.

ऋतूचाही यात वाटा आहे. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात. नेमक्या त्याच गारठ्यात आपली धावायची हौस वाढते. एरवी शेपूट हलवणारी कुत्री तनशीच्या ढिगाआड पिल्लं असली, की अंगावर येते. तो तिचा स्वभाव नव्हे, आईपण आहे. तिथून आठ-पंधरा दिवस वाट बदलावी, हे उत्तम.

मग समोर कुत्रा आला तर करावं काय? थांबावं. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. अंग थोडं तिरकं करावं, हात शरीराजवळ ठेवावेत आणि तोंड न फिरवता हळूहळू मागं सरावं. हातात काठी, पाण्याची बाटली, सायकल, जे असेल ते मध्ये धरावं. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी आपल्याकडची बहुतेक कुत्री मागं हटतात. माणसाच्या वाकण्याचा अर्थ त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण दगड खरोखर मारू नये. आज आपण मारलेल्या दगडाचा राग उद्या शाळेत जाणाऱ्या पोरावर निघतो. आणि पडलोच, तर अंगाची मुटकुळी करून मान आणि चेहरा हातांनी झाकावा.

इथवरचं मला त्या पोरानं शिकवलं. पुढचं मी त्याला शिकवलं.

एका सकाळी तो लंगडत धावत होता. पोटरीला फडकं बांधलेलं. विचारलं तर म्हणाला, ‘‘काही नाही चाचा, खरचटलं.’’ फडकं सोडायला लावलं तर आत दोन दातांच्या खुणा आणि त्यांवर तिखट-हळद भरलेली. कुत्रा चावून तीन दिवस झाले होते. घरी कळलं तर धावणं बंद होईल आणि भरती तोंडावर आलेली, म्हणून पोरगा गप्प.

मला त्या क्षणी आमच्या मोहल्ल्यातला लहानपणीचा सोबती आठवला. सन १९८०च्या आसपासची गोष्ट. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. त्यालाही कुत्रा चावला होता आणि त्यानंही लपवलं होतं. कारण पोटात घ्यायच्या १४ इंजेक्शनांचं भय. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस होती. कळलं तेव्हा झाडफूक झाली. दोन-अडीच महिन्यांनी त्याला पाण्याचा पेला तोंडाशी नेता येईना. पुढचं सांगत नाही. त्याच्या आईचा हंबरडा अजून माझ्या कानात आहे.

ती पोटातली लस भारतात २००५च्या सुमारास बंद झाली. पण तिची दहशत अजून घराघरांत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. आताची लस दंडात घेतात. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत देतात, ती पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवशीची एक मात्रा वाढते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचं औषधही भरावं लागतं.

आणि या सगळ्याआधी करायचं काम फुकटातलं आहे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि नसांच्या वाटेनं मेंदूकडे जातो. या प्रवासाला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी वर्षही लागतं. तेवढाच आपल्याला मिळालेला वेळ. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. साबणानं बरेचसे विषाणू जखमेतच मरतात. तिखट, चुना, हळद, तेल यांनी मात्र जखम चिघळते आणि वेळ वाया जातो. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी, पण त्यासाठी लस थांबवू नये. कुत्र्याचं ओरखडणंही किरकोळ समजू नये.

पोराला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता, तरी डॉक्टर म्हणाले, उशिरा आलेलाही परत पाठवायचा नसतो. साऱ्या मात्रा पूर्ण झाल्या. तो आजही धावतो.

जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश आपल्या देशात. कुत्री मारून हे थांबत नाही. रिकाम्या जागी दुसरी येतात. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२३च्या नियमांतही नसबंदी आणि लसीकरण हाच मार्ग आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न गाजला. ऑगस्टमध्ये न्यायालयानं लस टोचलेली कुत्री त्यांच्या जागी सोडावीत, पण पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नयेत, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस व रेल्वे स्थानकांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आदेश दिला. ही कामं नगर परिषदेची. पण टोळी जमते ती उकिरड्यावर, आणि उकिरडा आपला असतो. लग्नातल्या उष्ट्या पत्रावळी, कोंबडीच्या दुकानातली घाण, आमच्या मोहल्ल्यात बकरी ईदनंतर उरलेला टाकाऊ भाग, हे सारं खड्डा करून पुरा, असं मी दर वर्षी सांगत फिरतो. कोणी ऐकतं, कोणी हसतं.

लहानपणी घरी एक हदीस ऐकली होती. तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला एका माणसानं विहिरीत उतरून पायातल्या मोज्यात पाणी आणून पाजलं, आणि अल्लानं त्याला माफ केलं. शाळेत गुरुजींनी नामदेवांची गोष्ट सांगितली. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. तुमच्या-आमच्याकडून तेवढं व्हायचं नाही. पण कुत्र्यासमोर थांबणं आणि चावल्यावर नळाकडे, मग दवाखान्याकडे धावणं, एवढं जमण्यासारखं आहे. आणि घरातल्या पोरांना आजच सांगून ठेवा: कुत्रा चावला तर कोणी रागावणार नाही, फक्त लपवू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)