आईने घेतलेला पियानो आणि एक बिनशब्दांची तबकडी

जयंतीच्या मिरवणुकीत बँडपथकातला ट्रम्पेटवाला पुढे होऊन एकट्याने सूर लावतो, तेव्हा सारी वस्ती थांबून ऐकते. असाच एका ट्रम्पेटचा सूर १९६१ साली अमेरिकेत घराघरात पोचला होता. तबकडीचे नाव 'वंडरलँड बाय नाइट'. वाद्यवृंद जर्मनीच्या बर्ट काम्पफर्ट यांचा. शब्द एकही नाही.

काम्पफर्ट १९२३ साली हॅम्बुर्गमध्ये जन्मले. लहानपणी ते मोटारीखाली सापडले. भरपाईचे पैसे मिळाले, त्यातून आईने पियानो आणला! वाचकहो, आमच्या घरात अशी रक्कम आली असती तर आधी वाण्याची उधारी फिटली असती, हे आम्ही लपवत नाही. म्हणून त्या माउलीचे आम्हाला जास्त कौतुक. पुढे महायुद्धात मुलगा नौदलाच्या बँडमध्ये गेला, डेन्मार्कमध्ये युद्धकैदी झाला, आणि कैदेतही त्याने वाद्यवृंद जमवला.

१९५९ साली या धूनचे ध्वनिमुद्रण झाले. ट्रम्पेट चार्ली टाबोर यांचा, मागे व्हायोलिनचा मऊ ताफा. पण स्वतःच्या देशात तबकडी कोणी काढीना. तेव्हा काम्पफर्ट यांनी ती न्यूयॉर्कला डेक्का कंपनीच्या मिल्ट गॅब्लर यांच्याकडे नेली.

हे गॅब्लर कोण, हे आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. अमेरिकेत काळ्या माणसांना जमाव झाडाला टांगून मारीत असे. त्यावरचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे बिली हॉलिडे या काळ्या गायिकेला १९३९ साली मुद्रित करायचे होते. तिच्या मोठ्या कंपनीने अंग काढून घेतले. गॅब्लर यांनी आपल्या छोट्या कमोडोर कंपनीतर्फे ते काढले. दुसऱ्यांनी नाकारलेले ऐकून पाहण्याची या माणसाला सवयच होती म्हणायची.

त्यांनी काम्पफर्टची तबकडीही काढली. जानेवारी १९६१ मध्ये ती एल्विस प्रेस्लीच्या गाण्याला मागे सारून पहिल्या क्रमांकावर गेली आणि तीन आठवडे तिथेच राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये काम्पफर्ट यांनी हॅम्बुर्गमध्ये टोनी शेरिडन या गायकाच्या साथीला इंग्लंडची काही पोरे बसवली. ती पोरे म्हणजे बीटल्स. १९८० साली काम्पफर्ट वारले.

जाणकार अशा हलक्याफुलक्या संगीताला नाक मुरडतात. मुरडोत बापडे. दिवसभर फायलींत मान घालून घरी आलेल्या माणसाला ही धून बरी वाटते, असा आमचा अनुभव आहे. वस्तीतल्या बँडवाल्यांना कोणी ती एकदा ऐकवावी. आमचे ट्रम्पेटवाले दोन दिवसांत बसवतील.