ट्रकच्या चाकातून आवाज येतोय? पाना उचलण्याआधी कान वापरा



ट्रक-पिकअपचं छोटं गॅरेज टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सुरुवात कोणत्या कामापासून करू?" इंजिनच्या कामाला भांडवल जास्त लागतं, अनुभवही जास्त लागतो. माझं उत्तर सरळ आहे: चाकापासून करा. हब ग्रीसिंग, बेअरिंग, ब्रेक लायनर. हे काम प्रत्येक गाडीला लागतं, पुन्हा पुन्हा लागतं आणि कमी हत्यारांत होतं.

आता केळझरचंच उदाहरण घ्या. सिद्धिविनायकाच्या टेकडीमुळे गाव सगळ्यांना माहीत आहे. पण धंद्याच्या नजरेने बघा. नागपूर–वर्धा रस्ता, एका अंगाला बुटीबोरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला सेलू आणि वर्धा. कापसाच्या हंगामात सेलू-हिंगणघाटकडे भरलेल्या गाड्या, बाकी वर्षभर सिमेंट, लोखंड, किराणा. अशा रस्त्यावर ड्रायव्हर थांबतो आणि म्हणतो, "मिस्त्री, मागच्या चाकातून आवाज येऊन राहिला, बघा जरा."

या एका वाक्यावर तुमचा धंदा उभा राहतो किंवा बसतो. कारण त्याला बेअरिंग नको असतं, उत्तर हवं असतं. आवाज कशाचा आहे हे बरोबर सांगणं, हाच तुमचा खरा माल आहे. बेअरिंग तर कोणतंही दुकान विकतं.

पायरी 1: आधी विचारा, मग ऐका

गाडी आली की लगेच जॅक लावू नका. ड्रायव्हरला पाच प्रश्न विचारा. आवाज वेग वाढल्यावर वाढतो का? ब्रेक दाबल्यावरच येतो का? वळणावर बदलतो का? रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या? आणि सुरू कधी झाला? म्हणजे पाण्यातून गेल्यावर, टायर बदलल्यावर की ग्रीसिंग केल्यावर?

मग त्याच्या शेजारी बसून दोन-तीन किलोमीटर फिरून या. आवाजाची भाषा साधारण अशी असते:

- घूंऽऽ घूंऽऽ, वेगाबरोबर वाढणारा: बेअरिंग किंवा टायर. त्याच वेगात गिअर बदलून बघा. इंजिनचा सूर बदलला पण हा आवाज तसाच राहिला, तर शोध चाकांकडे न्या. डिफरन्शियलही असाच गुणगुणतो. तिथे ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाज बदलतो का, ते ऐका.
- चींऽऽ, ब्रेक दाबल्यावर: लायनर गुळगुळीत, चकचकीत झालाय किंवा ड्रममध्ये धूळ साचलीय. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी आला आणि चार ब्रेकमध्ये गेला, तर ड्रमवरचा हलका गंज आहे. पैसे घेऊ नका, तसं सांगून पाठवा.
- खर्रऽऽ, लोखंडावर लोखंड: लायनर संपून रिव्हेट ड्रमला घासतोय. गाडी पुढे जाऊ देऊ नका.
- थडथड, ब्रेकबरोबर हादरा: ड्रम गोल राहिलेला नाही किंवा नीट बसलेला नाही.
- टक्, पुढे-मागे घेताना एकदाच: ब्रेक शू किंवा त्याची पिन-स्प्रिंग ढिली.
- फुस्स्: हवेच्या ब्रेकची गळती. साबणाच्या पाण्याने जागा सापडते.

टायर की बेअरिंग, इथे भलेभले चुकतात. साधी खूण लक्षात ठेवा. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. सिमेंटच्या रस्त्यावर एक, डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला वजनाशी असतं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला, तर डावी बाजू आधी तपासा. डाव्या वळणावर वाढला, तर उजवी.

पायरी 2: फुकटातले दोष आधी

मागच्या जोड टायरमध्ये गिट्टी अडकलीय का? धूळ-पत्रा वाकून ड्रमला लागतोय का? चाकाचे नट ढिले आहेत का? या तीन गोष्टींना दोन मिनिटं लागतात. दोष इथेच सापडला तर ग्राहक तुमच्या प्रामाणिकपणाची जाहिरात प्रत्येक धाब्यावर फुकट करेल.

मग उष्णता बघा. फिरून आल्यावर एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांची तुलना करा. हात लावू नका, टेम्परेचर गन वापरा. ड्रम जास्त तापलाय तर ब्रेक चिकटतोय. हबचा मधला भाग जास्त तापलाय तर संशय बेअरिंगवर. एका चाकाचा आकडा एकटा फार सांगत नाही, दोन्ही बाजूंमधला फरक सांगतो.

पायरी 3: चाक उचला, हलवा, फिरवा

सपाट जागा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून गुटके आणि जॅकबरोबर स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाणार नाही, हा नियम दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्या.

टायरखाली टॉमी घालून चाक वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो बेअरिंगचा होता, कारण ब्रेकने ड्रम ॲक्सलशी पकडून ठेवला. पुढच्या चाकात खेळ तसाच राहिला तर किंगपिन बघा. ही एक चाचणी न केल्यामुळे चांगली बेअरिंग भंगारात जातात.

मग चाक हाताने फिरवा. मागचं चाक असेल तर गुटके नीट लागलेत याची खात्री करून पार्किंग ब्रेक सोडावा लागेल. दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खरखर कानाआधी हाताला कळते.

पायरी 4: हब उघडल्यावर ग्रीस वाचा

काळं, जळकट वासाचं ग्रीस म्हणजे बेअरिंग तापलं होतं. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी शिरलंय, सील गेलंय. चमचमणारे कण म्हणजे रोलर झिजतायत. रोलर निळसर पडला असेल किंवा त्याचा पापुद्रा निघाला असेल, तर चर्चा संपली.

ट्रकच्या हबमध्ये बहुतेक वेळा टेपर रोलर बेअरिंगची जोडी असते, एक आत आणि एक बाहेर, एकमेकांसमोर. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या गाड्या बनवणाऱ्याने या प्रकारच्या बेअरिंगचं पेटंट 1898 मध्ये घेतलं. त्याची अडचण आपल्या बंडीवाल्याला लगेच समजेल: भरलेली गाडी वळते तेव्हा आसावर भार वरूनही येतो आणि बाजूनेही. तिरके रोलर दोन्ही भार पेलतात. पण त्यासाठी ते बरोबर कसलेले असावे लागतात. म्हणून हे नियम:

- कोन आणि कप एकत्रच बदला. जुन्या कपात नवा कोन टिकत नाही.
- सील प्रत्येक वेळी नवं. इथे केलेली बचत लायनरवर ग्रीस आणते.
- जुनं ग्रीस पूर्ण धुवा, दोन जातींचं ग्रीस मिसळू नका. हवा मारून बेअरिंग गरगर फिरवू नका.
- नवं ग्रीस रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा.
- नट चाक फिरवत कसा, मग मॅन्युअलप्रमाणे मागे घ्या आणि लॉक करा. अशा जुळवायच्या बेअरिंगमध्ये खेळ साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर ठेवतात. हा अंदाजाचा विषय नाही, डायल गेज घ्या. फार घट्ट केलं तर बेअरिंग जळतं, फार ढिलं ठेवलं तर रोलर आपटतात.

ब्रेकच्या बाजूला लायनर नेहमी ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. ग्रीस प्यायलेला लायनर धुऊन किंवा जाळून परत लावू नका. लेथवर ड्रम टर्निंग करताना त्यावर कोरलेली कमाल मापाची मर्यादा ओलांडू नका. लायनरची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आणि एक गोष्ट जिवाची. हवेच्या ब्रेकच्या मागच्या चेंबरमध्ये दाबलेली मोठी स्प्रिंग असते. तो डबा प्रशिक्षणाशिवाय उघडायचा नाही. ती सुटली तर माणूस वाचत नाही.

आता धंद्याचं गणित

समजा, आवाज ऐकून तुम्ही थेट दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली. मालकाचे 5,000 रुपये गेले आणि आवाज टायरचा निघाला. तो परत येणार नाही, आणि एकटाही जाणार नाही, चार ड्रायव्हर घेऊन जाईल. त्याऐवजी तपासणीचे समजा 300 रुपये आधीच सांगा. काम तुमच्याकडे केलं तर ती रक्कम मजुरीतून वजा. आपल्याकडे "बघण्याचे" पैसे मागायला लाज वाटते. पण डॉक्टर तपासतो तेव्हा आपण फी देतोच ना?

प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड लिहा: गाडी नंबर, किलोमीटर, आवाज कधी येतो, कोणतं चाक, काय सापडलं, काय केलं. मोबाइलवर खराब पार्टचा फोटो काढा आणि जुना पार्ट मालकाच्या हातात द्या. चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा कसावे लागतात. तेव्हा सांगा, "नागपूरहून परत येताना दोन मिनिटं थांबा, नट बघून देतो, फुकट." गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दारात आलं की नाही?

फिटनेसची तारीखही कार्डावर लिहा. व्यावसायिक गाडीला पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. तारखेच्या महिनाभर आधी फोन केला की ब्रेकचं काम ठरलं. दुकानाची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका.

"नाही" म्हणायची तयारी

एक दिवस असा येईल. रोलर निळा पडलाय, आणि मालक फोनवर म्हणतोय, "ग्रीस भरून सोडा, माल आज पोचवायचा आहे." दिवसभरात तेच एक गिऱ्हाईक असेल. तरी सोडायचं नाही. जळालेलं बेअरिंग जाम होतं, हब मोडतो, चाक निघतं. त्याच रस्त्यावर दुचाकीवर बायको-पोरांना घेऊन गणपतीला निघालेला माणूस असतो. मालकाला फोटो पाठवा, कार्डावर "गाडी चालवण्यास योग्य नाही" असं लिहा, आणि बेअरिंग लवकरात लवकर कुठून मिळेल ते शोधून द्या. नुसता नकार दिला तर भांडण होतं. नकाराबरोबर उपाय दिला तर बहुतेक मालक ऐकतात.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या तीन ड्रायव्हरांसोबत प्रत्येकी पाच किलोमीटर बसा. वेग, वळण, ब्रेक आणि रस्ता, या चार वेळी आवाज कसा बदलतो ते वहीत लिहा. मग तुमचा अंदाज सांगा आणि गाडी उघडल्यावर तो बरोबर निघाला का, ते तपासा. ही वही भरत जाईल तसा तुमचा कान तयार होईल. दुकानाचं भाडं त्यानंतर भरा.