तह कीं युद्ध? मलकापूरच्या परिसरांतील एक वाटाघाट

बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर हें नांव आज प्रवाशांस रेल्वेचें स्थानक म्हणून परिचित आहे. १८०३ च्या उन्हाळ्याअखेर मात्र याच परिसरांत मराठी राज्याच्या भवितव्याची वाटाघाट चालली होती. मध्यस्थी चालू असतां सरकारनें आपलें परराष्ट्रीय धोरण केव्हां बोलून दाखवावें, या प्रश्नाचा तींत मोठा धडा आहे.

ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांनीं पुण्यानजीक शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव वसईस गेले आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं तह केला. त्यायोगें पेशव्यांचें परराष्ट्रीय धोरण इंग्रजांच्या हातीं गेलें. शिंदे, होळकर व नागपूरकर भोसले या तिघांनाही हा तह जाचक होता. परंतु शिंदे-होळकरांचें वैर आड येत होतें. तें मिटविण्याची मध्यस्थी दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं पत्करली.

मध्यस्थी ही ओल्या भिंतीसारखी असते. वाळण्यापूर्वीं तिच्यावर भार टाकतां येत नाहीं. येथें तो भार लवकर पडला. शिंद्यांच्या छावणींत कर्नल कॉलिन्स हा इंग्रजांचा रेसिडेंट होता. या जमवाजमवीचा हेतु काय, याचा स्पष्ट खुलासा व्हावा असा त्याचा तगादा होता. अखेर २८ मे रोजीं दौलतराव शिंद्यांनीं उत्तर दिलें कीं, भोसल्यांची भेट झाल्यावर तह कीं युद्ध तें कळविण्यांत येईल.

या उत्तरानें प्रतिपक्षास तीन गोष्टी कळल्या. युद्धाचा विचार चालू आहे; निर्णय अद्याप झालेला नाहीं; आणि तो एका भेटीवर अवलंबून आहे. म्हणजे धमकीही दिली गेली आणि तिच्यामागची अपुरी तयारीही उघडी पडली. शिवाय भेट होतांच उत्तर मागण्याचा हक्क कॉलिन्सला आपोआप मिळाला.

जूनच्या आरंभीं मलकापूरच्या आसपास शिंदे व भोसले भेटले. होळकर मात्र आले नाहींत. त्यांच्यावांचून समेट पुरा होत नव्हता, आणि समेटावांचून उत्तर देतां येत नव्हतें. मग स्नेहाचीं आश्वासनें सुरू झालीं. फौजा मात्र निजामाच्या सरहद्दीजवळच राहिल्या. शब्द एक सांगत होते, छावणी दुसरेंच सांगत होती.

इकडे कलकत्त्याहून गव्हर्नर-जनरलनें २६ जून रोजीं आपला भाऊ आर्थर वेलस्ली यास तह वा युद्ध करण्याचा पूर्ण अधिकार दिला. तो हुकूम १८ जुलैस त्याच्या हातीं पडला. तीन दरबारांचा खल चालू असतां समोर निर्णय घेणारा एकच माणूस उभा राहिला. दसऱ्यानंतर मोहीम काढण्याचा मराठ्यांचा जुना प्रघात. उलट वेलस्लीस पावसाळाच सोयीचा वाटत होता. भरल्या नद्यांनीं मराठी घोडदळ अडतें, आणि त्यानें स्वतः नद्या उतरण्याची तजवीज आधींच केली होती. ३ ऑगस्टला कॉलिन्सनें छावणी सोडली आणि ८ ऑगस्टला अहमदनगरवर हल्ला झाला.

केवळ एका वाक्यानें हें युद्ध ओढवलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. इंग्रजांची तयारी मोठी होती व हेतूही जुना होता. परंतु मुदत कोणी ठरवावयाची, हा अधिकार त्या वाक्यानें हातचा गेला. रेसिडेंटापुढें अगदीं गप्प बसणें शक्य नव्हतें, हें खरें. तथापि घरचा समेट चालू आहे एवढेंच सांगून युद्धाचें नांव आणि उत्तराचा दिवस हे दोन्ही टाळतां आले असते.

२३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. १७ डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्क संपला. म्हणजे ज्या मुलखांत ही वाटाघाट चालली, तोच मुलूख मध्यस्थाच्या हातून गेला. ३० डिसेंबरला शिंद्यांनींही तह केला. होळकरांचें इंग्रजांशीं युद्ध जुंपलें तें १८०४ मध्यें, आणि तेव्हां भोसले व शिंदे दोघेही तहानें बांधले गेले होते.