मनी आणि वाघ्या: विश्वास शिकवता येतो का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, विश्वास शिकवता येतो का?" त्याचं उत्तर आज मी ग्रंथांपासून सुरू करत नाही, आमच्या घरापासून करतो.

मी आरे कॉलनीत राहतो. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवायचे म्हणून १९४९ साली ही वसाहत झाली. शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. दोन वर्षांपूर्वी भर पावसात तबेल्यातल्या एका मुलाने गटारातून काढलेली मांजरी आणून दिली. वयात आलेली, पण नुसती हाडं. तिचं नाव ठेवलं मनी. घरात आधीपासून वाघ्या होता, आमचा गावठी कुत्रा, स्वभावानं गरीब.

मी घाई केली. पहिल्याच संध्याकाळी मनीला हातात धरून वाघ्यासमोर नेलं. तो शेपूट हलवत पुढे आला, तिनं माझा हात ओरबाडला आणि कपाटाखाली शिरली. आमची ही म्हणाली, "अहो, ओळख करून देताय की आरोपीला हजर करताय?" जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतली आणि रेबीजची इंजेक्शनं घेतली, तुम्हीही यात हयगय करू नका.

मनीनं दीड दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. पशुवैद्य म्हणाले, मांजर उपाशी राहिलं तर यकृतावर परिणाम होतो, वाट बघू नका. आणि आमच्याकडे रात्री बिबट्या फिरतो. घाबरून ती खिडकीतून पळाली असती, तर परत आली असती याची खात्री नव्हती.

चुकलं कुठे? एक तर भाषेत. कुत्रा बहुधा खुशीत शेपूट हलवतो. मांजर शेपूट जोरात आपटतं तेव्हा ते चिडलेलं असतं. दुसरं म्हणजे, मी तिला धरून ठेवलं होतं. तिला निघून जायची सोयच नव्हती.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७३९च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या बुद्धीवर वेगळं प्रकरण लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की प्राणी तर्कानं नाही, अनुभवाच्या सवयीनं शिकतात. आणि माणूसही बहुतेक वेळा तसाच शिकतो. म्हणजे मनीला समजावून उपयोग नाही. तिला चांगला अनुभव पुन्हा पुन्हा यायला हवा.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मनीला वेगळी खोली दिली: पाणी, मातीचं घमेलं, चढून बसायला उंच फळी. आजार नाही ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घेतलं. तिच्या अंथरुणाचं फडकं वाघ्याकडे, त्याचं तिच्याकडे. आधी वासाची ओळख. नंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं, वाट्या रोज थोड्या जवळ. ती निवांत खाऊ लागल्यावर मध्ये जाळी. त्यानंतर वाघ्या पट्ट्यावर. त्यानं तिच्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं की त्याला खाऊ. अंग ताठ करून तो एकटक बघायला लागला, की त्या दिवशी तिथंच थांबायचं. ती फुसकारली तर रागवायचं नाही, एक पायरी मागे यायचं. आणि देखरेखीशिवाय दोघांना एकत्र ठेवायचं नाही.

याला चार महिने लागले. सगळ्यांना इतकेच लागतील असं नाही. काही कुत्र्यांची शिकारीची ओढ इतकी तीव्र असते की मांजर वेगळं ठेवणंच बरं. तेही मान्य करावं लागतं.

तर मूळ प्रश्नाकडे येतो. विश्वास शिकवता येतो का? मला वाटतं, थेट नाही. जो जास्त घाबरलेला आहे त्याच्या चालीनं चालायचं आणि त्याला निघून जायची वाट मोकळी ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं. माणसांच्या बाबतीतही आपण इथंच चुकतो, नाही का?

मनीची आणि वाघ्याची मैत्री झाली का, ते मी सांगू शकत नाही. पण आता ती त्याच्याकडे पाठ करून झोपते.