उधारीचे आयुष्य तीन वर्षांचे

तलावांच्या आणि धानाच्या भंडारा जिल्ह्यात, साकोली येथे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. 'एसकेएल' या अक्षरांनी ओळखले जाणारे धानाचे वाण याच केंद्राचे. अशा एखाद्या केंद्राने बाहेरच्या ग्राहकास बियाणे उधारीवर दिले आणि पैसे थकले, तर?

सरकारला वसुलीच्या दाव्यासाठी मुदतीच्या कायद्यानुसार (१९६३) ३० वर्षे मिळतात. विद्यापीठ मात्र कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था असल्याने त्यास विकलेल्या मालाच्या किमतीसाठी ३ वर्षांतच दावा लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली असल्यास ती संपल्यापासून, नसल्यास माल दिल्यापासून ही वर्षे मोजली जातात. केवळ स्मरणपत्रे धाडल्याने ती वाढत नाहीत. मात्र, या ३ वर्षांच्या आत ग्राहकाने देणे सहीनिशी लेखी कबूल केल्यास त्या दिवसापासून नवी ३ वर्षे सुरू होतात.

म्हणून करारात देय तारीख व व्याजदर नमूद असावेत; दरवर्षी मार्चअखेर बाकीच्या पत्रावर ग्राहकाची सही घ्यावी; जुनी बाकी फिटेपर्यंत नवा माल रोखीनेच द्यावा. हा पैसा सार्वजनिक आहे. तो वेळेवर आला, तर पुढच्या हंगामाच्या बियाण्याचा खर्च भागवणे सुकर होते.